ज्योतीचा जमाखर्च

श्रोतेहो, शाळेत रासायनिक समीकरणे जुळवताना पुष्कळांचा घाम निघतो. नभोवाणीवर तर फळाही नाही. तेव्हा आपण दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर जाऊ. वैतरणेची खाडी तिथे समुद्राला मिळते, पलीकडे अर्नाळा. वाळूतून मूठभर शिंपल्या उचला. घरातून कोळशाचे चार खडे आणि चिमूटभर तांदूळ घ्या.

खडा म्हणजे कार्बनचा अणू, तांदळाचा दाणा हायड्रोजनचा आणि शिंपलीचे एक कवच प्राणवायूचा, म्हणजे ऑक्सिजनचा. हवेतला प्राणवायू सुटा नसतो. जिवंत शिंपलीच्या दोन कवचांसारखा जोडीनेच वावरतो.

स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात. आपण प्रोपेन घेऊ. त्याच्या एका रेणूत तीन खडे आणि आठ दाणे. तो पुरता जळला की कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो, एका खड्याला दोन कवचे. आणि हायड्रोजनचे पाणी, दोन दाण्यांना एक कवच. आता मांडा. तीन खड्यांना सहा कवचे, आठ दाण्यांना चार. एकूण दहा, म्हणजे पाच जोड्या. झाले समीकरण! प्राणवायू शेवटी मोजायचा, कारण तो हवेतून एकटा येतो. त्याची संख्या बदलली तरी बाकीची मांडणी मोडत नाही.

वजनेही जुळतात. लाव्हाझिए या फ्रेंच रसायनज्ञाने अठराव्या शतकात तराजू घेऊन हेच दाखवले. ४४ ग्रॅम प्रोपेन आणि १६० ग्रॅम प्राणवायू. त्यातून १३२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ७२ ग्रॅम पाणी. दोन्हीकडे २०४. याच हिशेबाने घरातला १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत सुमारे ५१ किलो प्राणवायू खातो, म्हणजे २२० किलोच्या आसपास हवा. सिलिंडरचे पैसे आपण मोजतो. हवेचे कोणी मागत नाही, म्हणून तिची आठवणही राहत नाही.

आता एका लबाडीबद्दल सांगतो. कवचे कमी पडली की मुले काय करतात? कार्बन डायऑक्साइडमधले एक कवच हळूच काढून घेतात. आकडे जुळतात, पण गुरुजी फुली मारतात, कारण पदार्थच बदलला. उरला तो कार्बन मोनॉक्साइड. गंमत अशी की हवा अपुरी पडली तर शेगडीही हीच लबाडी करते, आणि तिला फुली मारायला कोणी नसते. तीन खड्यांना तीन कवचे, पाण्याला चार. सात कवचे, म्हणजे साडेतीन जोड्या. अर्धी जोडी घेता येत नाही, म्हणून सारे दुप्पट करा: प्रोपेनचे दोन रेणू, प्राणवायूच्या सात जोड्या, कार्बन मोनॉक्साइडचे सहा रेणू, पाण्याचे आठ. हे समीकरणही चोख जुळते! फक्त त्यातून निघते ते विष. प्रत्यक्षात दोन्ही क्रिया थोड्याफार एकदमच चालतात, काजळीही धरते. ज्योत पिवळी झाली, भांड्याचे बूड काळे पडू लागले, की बर्नर साफ करून घ्यावा.

पण काजळी दिसते, कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही. त्याला वासही नाही. सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. धुरातल्या या वायूबद्दल तशी सूचना मिळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो.

पावसाळ्यात पश्चिमेचा वारा झोडपू लागला की किनाऱ्यावर घरे घट्ट लावून घेतात, आणि आत चूल किंवा कोळशाची शेगडी पेटलेली असते. शहरात तोच प्रकार न्हाणीघरात होतो: दार बंद, झरोका बंद, आणि आत गॅसचा गिझर. अशाने माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. तेव्हा गिझरचा धूर नळीने बाहेर सोडावा, झरोका उघडा ठेवावा, आणि पेटती शेगडी घेऊन बंद खोलीत कधीही झोपू नये. डोके जड झाले, मळमळू लागले, तर कारण शोधत बसू नका. घरातल्या सगळ्यांना आधी बाहेर मोकळ्या हवेत न्या आणि लगेच डॉक्टरांना गाठा.