सरांनी दिलेला भुंग्याचा गृहपाठ

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘श्रद्धा आणि विज्ञान’ असा विषय दिला आहे. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. एवढं कर्ज मला पेलणार नाही, म्हणून मी फक्त भुंग्यावर बोलतो.

आपण नववीत असताना स्नेहसंमेलनाला एक पाहुणे आले होते, आठवतं? त्यांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं की, विज्ञानाच्या हिशेबानं भुंगा उडूच शकत नाही. अंग जड, पंख चिमुकले. पण भुंग्याला विज्ञान ठाऊक नाही, त्याचा स्वतःवर विश्वास आहे, म्हणून तो उडतो! आपण हात लाल होईस्तोवर टाळ्या पिटल्या.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या तासाला कुणीतरी सरांना विचारलं, “सर, हे खरं हाय का?” सर क्षणभर थांबले. म्हणाले, “भुंगा उडताना पाह्यला का तुम्ही? पाह्यला. मंग गणित आन् भुंग्याचं भांडण झालं तर चूक गणिताची. भुंग्याची नाही. पण ते गणित कोणी केलं, कसं केलं, हे मला माहीत नाही. ज्याले सापडन त्यानं येऊन सांगा.”

आपण हसलो. सरांना उत्तर आलं नाही, असा आपला निष्कर्ष. ‘मला माहीत नाही’ हे वर्गासमोर म्हणायला काय लागतं, ते कळायला मला पुढं नोकरीतली तीस वर्षं लागली.

आता जे सांगतो ते आजवर घराबाहेर सांगितलं नव्हतं.

मी बारावी सायन्सला होतो त्या वर्षी आमच्या संत्र्याच्या बगीच्यावर कोळशी आली. वरुडात हा शब्द समजावून सांगायची गरज नाही, पण मुंबई-पुण्याहून आलेली सूनबाई-जावईमंडळी इथं आहेत म्हणून सांगतो. काळी माशी पानाच्या मागं अंडी घालते, पिल्लं रस शोषतात आणि चिकट गोड पाणी सोडतात. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. पान काजळी लावल्यागत होतं, त्याला ऊन मिळत नाही, फळही काळं पडतं. मग बगीचा मागायला आलेला व्यापारी धुऱ्यावरूनच परततो.

बाबांनी औषधासाठी पैसे बाजूला ठेवले होते. त्याच आठवड्यात मंतरलेली राख घेऊन फिरणारा एक माणूस गावात आला. पैसे घेऊन बगीचा ‘बांधून’ देत होता. बाबा चौथी शिकलेले. त्यांनी मला विचारलं, “तू सायन्सचा हायेस, तुले काय वाटते?” आणि मी, घरातला एकुलता एक सायन्सचा पोरगा, म्हणालो, “बाबा, विज्ञानाला सगळंच कुठं कळते? भुंगा उडतेच नं?”

फवाऱ्याचे पैसे राखेत गेले. तो आंबिया बहार पूर्ण काळा पडला. पोळ्यानंतर बैलजोडी विकली. बाबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी त्यांनी दोन गोष्टी केल्या. सालबर्डीच्या महादेवाला नवस बोलले आणि पाठीवर पंप घेऊन अंडी फुटायच्या वेळेवर फवारणी केली. औषध कमी पडलं, म्हणून नाल्याकडच्या चार ओळी राहिल्या. मृग लागेपर्यंत फरक रस्त्यावरून दिसत होता. इकडं हिरवी झाडं, नाल्याकडं काळ्या चार ओळी. नवस तर अख्ख्या बगीच्यासाठी होता.

मी तोऱ्यात म्हणालो, “पाहा बाबा, महादेवानं नाही, औषधानं वाचवलं.” पंप धुता धुता ते म्हणाले, “औषधानंच वाचवलं. पण गेल्या साली एवढं झाल्यावर पुन्हा पंप उचलाची हिंमत मले कोणं देल्ली?” नवस फेडायला ते सालबर्डीला गेले, मीही सोबत गेलो. चार ओळींनी फवाऱ्याचं उत्तर दिलं होतं. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर त्या ओळींत नव्हतं, आणि तिथं ते शोधण्याएवढे बाबा भोळेही नव्हते. आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा जन्मभर कीर्तनात देवाचं नाव घेत राहिले आणि नवसाचं बकरं कापू नका असंही सांगत राहिले. श्रद्धा आणि प्रश्न एका तोंडातून निघू शकतात हे वऱ्हाडाला नवं नाही.

तरीही, लाज वाटते सांगायला, बँकेतल्या निरोपसमारंभांत मी तेच भुंग्याचं वाक्य कितीदा फेकलं! टाळ्या हमखास.

निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा ते गणित शोधायला बसलो. सापडलं ते असं. १९३४ साली आंत्वान मान्यां या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं कीटकांच्या उड्डाणावर पुस्तक लिहिलं. सेंट-लाग्यू नावाच्या गणितज्ञाच्या हिशेबाचा आधार घेऊन त्यानं लिहिलं की, विमानाचे नियम लावले तर कीटकांचं उडणं अशक्य ठरतं. ‘विमानाचे नियम लावले तर’ हे शब्द पुढं गळून पडले आणि उरलेलं वाक्य जगभर फिरलं. गंमत म्हणजे गोष्टीतली ती केसाळ ‘बंबलबी’ आपल्या वऱ्हाडात नसतेच, भारतात ती मुख्यतः हिमालयाकडं. आपला भुंगा वेगळा, घराची आढी पोखरणारा. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात कोरडं लाकूड भेदणारा आणि कमळात अडकणारा भ्रमर आहे ना, तो.

विमानाचा पंख स्थिर असतो. कीटकाचा पंख पुढंमागं झाडू मारतो आणि प्रत्येक टोकाला पालथा होतो. १९७३ साली टॉर्केल वाइस-फॉग यांनी एन्कार्सिया नावाच्या मिलिमीटरभरही नसलेल्या गांधीलमाशीचं उड्डाण उलगडलं. ती पाठीवर दोन्ही पंखांची टाळी वाजवते आणि पुस्तक उघडावं तसे ते उघडते. मधे घुसणारी हवा तिला उचलते. याच एन्कार्सियाच्या जातभाई आपल्या संत्र्यावरच्या काळ्या माशीच्या पिल्लांत अंडी घालून त्यांना मारतात. म्हणजे ज्या बगीच्यात मी भुंग्याचा दाखला देत होतो, तिथंच पानामागं उत्तर उडत असणार!

१९९६ साली केंब्रिजच्या चार्ल्स एलिंग्टन यांच्या गटानं धूर सोडून दाखवलं की, पतंगाच्या पंखाच्या पुढच्या काठावर हवेचा भोवरा तयार होतो आणि तो पंखाला वर खेचतो. १९९९ साली मायकेल डिकिन्सन यांनी फळमाशीचे मोठे यांत्रिक पंख जाड तेलाच्या टाकीत अगदी संथ हलवून त्यावरचं बळ मोजलं. चिमुकल्या पंखाला हवा जशी लागते, तसं त्या मोठ्या पंखाला तेल लागतं. त्या शोधनिबंधावर तीन नावं आहेत, त्यांतलं एक संजय साने. आडनाव वाचून मी खुर्चीतून उठलोच. पुढं ते बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात संशोधन करू लागले. २००७ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पतंगाच्या मिशा कापून पाहिल्या. पतंगाचं उडणं बिघडलं, तो धडपडू लागला. मग त्याच मिशा पुन्हा चिकटवल्या, आणि तो पुन्हा नीट उडू लागला.

हे वाचलं तेव्हा मला नाल्याकडच्या त्या चार ओळी दिसल्या. काढून पाहा, लावून पाहा. बाबांनी ठरवून केलं नव्हतं, औषध संपलं म्हणून झालं, पण प्रयोग तोच.

सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. ‘ज्याले सापडन त्यानं येऊन सांगा’ असं तुम्ही म्हणाला होतात. गणित कोणी केलं, कुठं चुकलं आणि भुंगा कसा उडतो, सगळं या वहीत लिहून आणलंय. अक्षर अजून तसंच वाईट आहे. उशीर झाला, तरी तपासून द्या.