अनोळखी हाक



पूर्वी मागणारा दारात येई. त्याचा चेहरा दिसे, अनवाणी पाय दिसत. पसाभर तांदूळ घालावे की नाही, हे आपण उभ्याउभ्या ठरवीत असू. आता हाक मोबाईलवर येते आणि चेहऱ्याच्या जागी छायाचित्र असते. गेल्या श्रावणात आपल्याला याचा जो अनुभव आला, त्याबद्दल बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचविले आहे.

गणपती तोंडावर आलेले. पेणच्या कारखान्यांत रंगकामाची घाई. कित्येकींना मान वर करायला सवड नव्हती. अशात मंडळाच्या व्हॉट्सॲपवर मजकूर आला. रोह्याकडच्या एका बाईंच्या यजमानांना मुंबईच्या रुग्णालयात नेले आहे, हृदयाची शस्त्रक्रिया आहे, ऐंशी हजार कमी पडतात. सोबत खाटेवरच्या यजमानांचे छायाचित्र. निम्म्या जणी म्हणाल्या, पाठवून टाकू. निम्म्या म्हणाल्या, ही लबाडी. मला दोन्ही पक्ष घाईचे वाटले.

मी फोन केला. रुग्णालय कोणते, केसपेपर आहे का, शिधापत्रिका आहे का, असे विचारले. बाई आधी रडल्या, मग चिडल्या. चिडणारच! नवरा खाटेवर, आणि कोणी परकी बाई उलटतपासणी घेते. तरी त्यांनी कागद पाठविले. माझ्या जाऊबाई रोह्याला असतात. त्या दुसऱ्या दिवशी घरी जाऊन आल्या. घराला कुलूप, धाकटी मुलगी शेजारी ठेवलेली. सारे खरे होते.

मग कळले की, पैशांहून माहितीच कमी पडत होती. आजची महात्मा फुले जनआरोग्य योजना २०१२ साली, तेव्हा राजीव गांधींच्या नावाने, प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत आपला रायगड होता. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. शिधापत्रिका व ओळखीचा कागद घेऊन त्याला भेटायचे. शिवाय धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने द्याव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली लावून दिली. त्या बाईंना यातले काही ठाऊक नव्हते; आपल्यातही चौघींनाच होते. शस्त्रक्रिया योजनेत बसली. उरला जाण्यायेण्याचा आणि किरकोळ औषधांचा खर्च; ते ११,००० रुपये आपण जमविले. औषधांचे पैसे थेट दुकानदाराला दिले.

आता दुसरी बाजू. त्याच आठवड्यात तेच छायाचित्र, तोच मजकूर पुन्हा आला. फक्त पैसे पाठवायचा नंबर निराळा. कोणा लबाडाने खऱ्या दुःखाखाली आपली झोळी धरली होती. आपल्या एका भगिनीचे दोन हजार त्यात गेले. तिने त्याच संध्याकाळी १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदविली, याचे मला कौतुक वाटते. पुष्कळ जणी लाजेने गप्प बसतात आणि तेवढ्यात रक्कम पुढे सरकते. तिचे पैसे अजून आलेले नाहीत.

तरीही अनोळखी म्हणून दार लावून घ्यावे, हे मला पटत नाही. २०२१ साली मुंबईच्या एका तान्ह्या मुलीच्या सोळा कोटींच्या औषधासाठी अनोळखी माणसांनीच रक्कम उभी केली, आणि केंद्र सरकारने त्यावरचा कर माफ केला.

रोह्याच्या त्या बाई मागच्या महिन्यात दिवा गाडीने पेणला येऊन गेल्या. यजमान हिंडूफिरू लागले आहेत. रोह्याकडून कोणाची हाक आली की चौकशीला आता त्याच जातात. परवा त्यांनी एक हाक खोटी ठरविली. पत्त्यात लिहिलेले गाव त्या तालुक्यात नव्हतेच.