बाप्पा गेल्यावर येणारे पाहुणे



अनंत चतुर्दशीला आपण तापीच्या घाटावर बाप्पांना निरोप देतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत घाटाच्या दगडांवर सतत शेपटी हलवणारा एक लहान पक्षी दिसू लागतो. हा धोबी, कुणी त्याला परीट म्हणतात. हिमालयातून आणि त्याही पलीकडून येणारा हा थंडीचा पहिला पाहुणा. त्याच्या मागोमाग दिवाळीच्या सुमारास बदकांचे थवे उतरू लागतात. आम्ही पक्षी पाहणारी मंडळी या दिवसांची वर्षभर वाट पाहतो.

बदके पाहायला फार लांब जावे लागत नाही. बऱ्हाणपूरहून इच्छापूरमार्गे आपण मुक्ताईच्या दर्शनाला जातोच. तिथून जवळच, चांगदेवला, तापी-पूर्णेचा संगम आहे आणि पुढे हतनूर धरण. धरणाला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडून पुराचे पाणी सोडतात. पाऊस सरला की दरवाजे बंद होतात आणि जलाशय भरतो. मग पाण्याचा उपसा होत जातो तसा काठचा गाळ उघडा पडतो. पाहुण्यांचे पान तिथेच वाढलेले असते. थापट्या बदक पसरट चोचीने पाणी गाळून खाते, तलवार बदक डोके बुडवून शेपटी वर करते, तुतारी पक्षी चिखलातून किडे-अळ्या वेचतात. काव्यातला विरही चक्रवाक इथे जोडीने चरताना दिसतो.

दिवाळीच्या सुट्टीत आपल्यापैकी अनेकजण कोकणात जातात. तिथले वेळापत्रक समुद्र ठरवतो. ओहोटीला पक्षी दूरवर पांगतात आणि भरती चढू लागली की काठाकडे सरकतात. कुरव आणि लांब वाकड्या चोचीचा कोरल पाहायचा तर भरतीची वेळ विचारून निघावे. धरणावर मात्र भल्या सकाळी, सूर्य पाठीशी ठेवून उभे राहावे.

धरण माणसाने बांधलेले, त्याला कसले निसर्गाचे कौतुक, असे काहींना वाटेल. इंदूरचे सिरपूर आणि यशवंतसागर हे दोन्ही तलाव होळकरांच्या काळात बांधलेले. २०२२ मध्ये त्यांना रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, आणि त्यात पक्ष्यांचा मोठा वाटा आहे.

आता आपल्या जबाबदारीचे बोलू. तापी आपल्या घाटावरून हतनूरकडेच वाहते. प्लास्टरची मूर्ती लवकर विरघळत नाही, रासायनिक रंगांतले जड धातू गाळात उतरतात आणि थर्माकोल वाहत जातो. ज्या चिखलात हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी चोच घालणार, तो चिखल आपल्या वरच्या अंगाच्या गावांच्या हातात आहे. म्हणून आमची विनंती एवढीच, की मूर्ती शाडूची आणावी, निर्माल्य कलशात द्यावे आणि सजावट घरी परत न्यावी.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवशी तो सुरू होतो आणि सालिम अली यांच्या जन्मदिवशी संपतो. त्या आठवड्यातल्या रविवारी मंडळाने मुलांना घेऊन हतनूरला जावे, असे आम्ही सुचवतो. दोन-तीन दुर्बिणी पुरतील. भडक कपडे नकोत, थव्याच्या जवळ जाण्याचा हट्ट नको. ज्या मुलाने थापट्याला गाळातून जेवताना पाहिले, ते पुढच्या वर्षी शाडूच्या मूर्तीसाठी घरात स्वतःच हट्ट धरील.

गणपती बाप्पा मोरया!