सहाव्या वर्षीची दाढ

'सुरतचे जेवण आणि काशीचे मरण' ही गुजरातेतील म्हण आपल्या परिचयाची आहे. त्या जेवणातील घारीला दातांचा वैरी ठरविण्याचा माझा हेतू नाही. घारीचा खरा दिवस वर्षातून एकच, शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा चांदनी पडवो. दातांना त्याहून अधिक बाधते ती दिवसभर थोडी थोडी तोंडात जाणारी गोडी: सकाळचा चहा-बिस्किट, शाळेच्या वाटेवरची गोळी, संध्याकाळी पुन्हा चहा. दर वेळी तोंडातील जंतू त्या साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचे कठीण कवच झिजविते.

आज बोलावयाचे आहे ते मात्र एकाच दाढेविषयी. मूल सुमारे सहा वर्षांचे झाले, की दुधाच्या दाढांच्या मागे, वर आणि खाली, दोन्ही बाजूंस एकेक नवी दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून तिची चाहूल घरात कोणाला लागत नाही. लागलीच, तर तीही दुधाचीच, पुढे पडेल, असे समजून सोडून देतात. पण ही दाढ कायमची असते. ती गेली, तर तिच्या जागी दुसरी यावयाची नाही.

या दाढेचा माथा सपाट नसतो. त्यावर खोल, अरुंद चिरा असतात. कित्येक इतक्या अरुंद, की ब्रशचा केसही त्यांत शिरत नाही. अन्नाचा कण तेथे दडतो आणि कीड बहुधा तेथूनच सुरू होते. मग या चिरा आधीच बुजविल्या तर?

त्याचा मार्ग 1955 साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथे डॉ. मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखविला. रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत धातूवर फॉस्फोरिक आम्लाचा हात देतात. तेच त्यांनी दाताच्या कवचावर करून पाहिले. कवच किंचित खरबरीत झाले आणि कृत्रिम राळ त्याला घट्ट चिकटली. गंमत अशी, की ज्या आम्लाने कीड दात पोखरते, तशाच आम्लाची क्षणभर मदत घेऊन दाताचे रक्षण साधले! पुढे 1967 साली याच तत्त्वावर दाढेच्या चिरा बुजविणाऱ्या लेपाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. यालाच सीलंट म्हणतात.

कृती अगदी साधी आहे. दाढ स्वच्छ करावयाची, आम्ल लावून धुवावयाची, पूर्ण कोरडी करावयाची आणि पातळ राळ चिरांत सोडून विशिष्ट प्रकाशाने घट्ट करावयाची. सुई नाही, भूल नाही, कोरणेही बहुधा नाही. मात्र लाळेचा ओलावा राहिला, तर लेप निघून जातो. दाढ अर्धीच वर आली असेल, तेव्हा काही दंतवैद्य ओलावा अधिक सोसणारे ग्लास आयोनोमर वापरतात. लेप काही वर्षे टिकतो, पण दर तपासणीत तो जागेवर आहे ना, हे पाहावे लागते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या मते मागील दातांची सुमारे 80 टक्के कीड त्याने दोन वर्षे टळते. दोन दातांमधील फटीत मात्र तो उपयोगी नाही. तेव्हा ब्रश आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट सुटत नाहीत.

लिंबायत-उधन्याकडील खानदेशी कुटुंबांत यंत्रमागावर पाळी करणारा बाप मुलाचा दात दुखेपर्यंत दवाखान्याची पायरी चढत नाही. त्याला दोष कसा द्यावा? एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी. दुखू लागले, की दाढ उपटणे हाच स्वस्त उपाय दिसतो. देशात 2002-03 साली झालेल्या पाहणीत 12 वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले. सन 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांचे दातही पाहिले जातात, हे चांगलेच झाले. पण तेथे कीड शोधतात. लेपाची वेळ कीड येण्यापूर्वीची असते. सुरत महापालिकेच्या मराठी शाळांत पहिली-दुसरीच्या वर्गांतच ही दाढ पाहून लेप देण्याची सोय झाली, तर बापाची मजुरीही बुडणार नाही.

तोवर घरी एवढे करता येईल. मुलाला दारापाशी उजेडात तोंड उघडावयास सांगा. समोरच्या दोन दातांच्या मधल्या रेषेपासून एका बाजूने मागे मोजीत जा. पडलेल्या दाताची जागाही मोजा. सहावी ती ही दाढ. दिसली, की दंतवैद्याकडे न्या. तिच्यामागची दाढ साधारण बाराव्या वर्षी येते. तिच्या चिराही तशाच असतात.