अम्मीच्या बांगड्यांचा आवाज

आज माझ्या एका चुकीबद्दल बोलणार आहे. ती अनेक घरांत होते, म्हणून सांगतो.

१९८९ साली मी बी.ए.ला होतो. पैठण तालुक्यातल्या आमच्या गावी एका पहाटे अम्मी डाळ भरडायला जात्यावर बसली होती. घरात आम्ही दखनी बोलायचो. पण जात्याचा खुंटा हाती आला, की अम्मीच्या तोंडी मराठी ओवीच यायची. शेजारच्या बायकांसोबत दळता दळता ती शिकली होती. मी टू-इन-वन जवळ ठेवला आणि कॅसेट भरली. जात्याची घरघर, अम्मीचा आवाज आणि प्रत्येक फेऱ्याला किणकिणणाऱ्या काचेच्या बांगड्या.

२००५ साली ती कॅसेट एका दुकानात देऊन एमपीथ्री करून घेतली. जागा वाचावी म्हणून दुकानदाराने ती ६४ केबीपीएसवर दाबली होती. मला त्यातलं काही कळत नव्हतं. कॅसेट भंगारात गेली. पुढे अम्मी गेली. बहिणीकडे जुना सीडी प्लेअर होता, म्हणून मी त्याच एमपीथ्रीची ऑडिओ सीडी करून दिली. तिने ऐकली आणि विचारलं, ‘भाईजान, अम्मी के बंगड्यां किधर गये?’

मग मी या विषयाच्या मागे लागलो. ऑडिओ सीडीवर दर सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापं असतात, तीही डाव्या-उजव्या बाजूंची वेगळी. हिशेब होतो सुमारे १,४११ केबीपीएस. १२८ केबीपीएसची एमपीथ्री त्याच्या अकराव्या हिश्शात बसते. ती कशी? मोठ्या आवाजाखाली जो बारीक आवाज कानाला सहसा जाणवत नाही, तो ती टाकून देते. हिशेब हुशारीचा आहे. पण फार दाबलं, की टाळी, टिपरी, बांगडी असे क्षणिक, टोकदार आवाज लवकर बिघडतात.

आता गंमत पाहा. एमपीथ्रीची ऑडिओ सीडी करताना संगणक ती पुन्हा उलगडतो. चार एमबीचं गाणं चाळीस एमबीचं होतं. आपल्याला वाटतं, आवाज परत आला. तो येत नाही. कवितेचा सारांश मोठ्या अक्षरांत लिहिला म्हणून कविता परत येते का? तसंच १२८ची फाइल ३२० करूनही काही मिळत नाही. उलट पुन्हा दाबताना थोडं आणखी जातं.

म्हणून पहिली गोष्ट, मुळापासून सुरुवात करा. कॅसेट हाताशी असेल, तर थेट ‘वेव्ह’ फाइलमध्ये उतरवा. जपून ठेवायला ‘फ्लॅक’ चालते, ती दाबते पण काही टाकत नाही. एमपीथ्रीच असेल, तर २५६ किंवा ३२०ची प्रत शोधा. दुसरी गोष्ट, आवाज मोठा करण्याच्या मोहात पडू नका. मर्यादेबाहेर गेलेल्या लाटेचा माथा छाटला जातो आणि गळा फाटल्यासारखा वाटतो. तिसरी, सीडी चांगल्या प्रतीची घ्या आणि मध्यम वेगाने भरा. त्याने आवाज गोड होत नाही, पण चुका कमी होण्याची शक्यता असते. सलग गायन असेल, तर दोन गाण्यांमधली दोन सेकंदांची शांतता काढून टाका, नाहीतर कव्वाली ऐन रंगात तुटते. भरलेली सीडी उन्हात ठेवू नका आणि तिच्यावर बॉलपेनने लिहू नका.

सीडी आता मागे पडली. पण पेन ड्राइव्हलाही हाच न्याय लागू आहे.

मूळ मुद्रण जपलं, तर काय होतं, याचं मोठं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. १९९६ साली आपल्या मराठवाड्यातल्या माजलगावच्या बायकांचेही आवाज त्यात आले. पुढे हा ठेवा ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाकडे गेला. ओव्यांचे शब्द वहीत मावले असते. गळा मावला नसता.

माझ्या गोष्टीचा शेवट राहिला. दोन वर्षांपूर्वी मावशीच्या पेटीत एक कॅसेट सापडली. माझ्याच कॅसेटवरून तिने त्या काळी करून घेतलेली प्रत. फीत जुनी, खरखर भरपूर. या वेळी मी प्लेअरचं हेड स्पिरिटने पुसलं, सगळं वेव्हमध्ये उतरवलं आणि खरखरीला हातही लावला नाही. सीडी बहिणीला दिली. तिने ऐकली आणि काहीच विचारलं नाही. नुसती स्वतःच्या मनगटाकडे बघत बसली.

तुमच्या घरी अशी एखादी कॅसेट असेल, तर उतरवून घ्या, पण भंगारात देऊ नका. माझी आता कपाटात आहे.