पणजोबांची ठासणीची बंदूक

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी झालेले भाषण)



‘निवृत्तीनंतर काय करतोस ते दहा मिनिटांत सांग’, असं संयोजकांनी मला बजावलं आहे. खरं सांगायचं तर गेलं वर्षभर मी एका बंदुकीचा गंज काढत होतो. तेवढंच सांगतो.

सिंधुदुर्गातल्या आमच्या जुन्या घरात माळ्यावर एक ठासणीची बंदूक होती. घरात सगळे तिला ‘रायफल’ म्हणायचे. खापरपणजोबांनी सत्तावनच्या बंडात ती एका गोऱ्या सोजिराकडून हिसकावली, अशी आमच्या घराण्यातली कथा. दसऱ्याला तिला झेंडूची माळ पडायची, मग ती वर्षभर माळ्यावर. कोकणातला पाऊस, खारी हवा आणि गळकी कौलं. घर उतरवायला घेतलं तेव्हा तिला खाली आणलं, तर नळी, घोडा, चाप सगळा मिळून एकच लाल गोळा झाला होता.

आमचे थोरले काका ८४ वर्षांचे. म्हणाले, “येत्या दसऱ्याला ती चकचकीत दिसली पाहिजे.” बाजारातला पॉलिशवाला ग्राइंडर मारून, वर निकेल चढवून द्यायला तयारच होता. दोन तासांचं काम. मी काकांकडून वर्षभराची मुदत मागून घेतली.

आधी कागद पाहिले. परवाना काकांच्या नावावर आहे, म्हणून सगळं काम त्यांच्याच पडवीत, त्यांच्या डोळ्यांसमोर करायचं ठरलं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदूक दुरुस्त करायलाही वेगळा परवाना लागतो. तेव्हा पोलीस ठाण्यात जाऊन सांगितलं की ती चालू करायची नाही, फक्त गंज थांबवायचा आहे.

दुसरी गोष्ट जिवाची. ठासणीची बंदूक पुढून भरतात. भरून ठेवलेली आणि विसरलेली बंदूक बाहेरून ओळखू येत नाही, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेते. म्हणून तोंडाशी उभं न राहता नळीत लाकडी काठी घातली, तोंडापाशी खूण केली आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहिली. ती चार बोटं आधीच अडत होती. मी हात काढून घेतला. परवानाधारक कारागीर आणला. त्याने नळीत पाणी भरून दोन दिवस ठेवलं आणि मग आतला ऐवज काढला. निघाली कुंभारीण माशीच्या घराची माती! पडवीत पोरं हसली, पण माझा घाम दोन दिवस सुकला नव्हता.

आता गंज. सर, नववीत तुम्ही तीन परीक्षानळ्यांत खिळे ठेवले होते. एकात पाणी आणि हवा, दुसरीत उकळलेलं पाणी व वर तेल, तिसरीत कोरडी हवा. गंजला तो पहिल्या नळीतला. गंजाला पाणीही लागतं आणि प्राणवायूही, हे तेव्हा पाठ केलं होतं. ते साठीनंतर कामाला आलं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून स्क्रू आणि कड्या जाम होतात. तिथे जोर केला की तुटतात. रोज दोन थेंब तेल सोडायचं आणि वाट पाहायची. पहिली कडी हलायला सात आठवडे लागले.

वरचे पापुद्रे खरवडायला सँडपेपर नाही वापरला. काकूंच्या डब्यात १९४३ नंतरचे भोकाचे पैसे होते. ते कांस्याचे, म्हणजे पोलादापेक्षा मऊ. तेलात बुडवून त्यांच्या कडेने घासलं की गंज सुटतो आणि खालच्या धातूवर ओरखडा येत नाही. नंतर ३९ इंची नळी मावेल अशी पत्र्याची पन्हळ करून घेतली आणि तीन चुलींवर शुद्ध पाणी उकळून नळी त्यात अर्धा तास ठेवली. उकळत्या पाण्यात लाल गंजाचा काळा ऑक्साइड होतो. तो घट्ट बसतो आणि पुढचा गंज धरायला वेळ लागतो. दस्त्याला फक्त अळशीचं तेल चोळलं. त्यावरचे हाताचे डाग तसेच ठेवले.

आणि मग घोड्याजवळच्या पट्टीवर अक्षरं दिसायला लागली. मुकुट, ‘टॉवर’ आणि १८६२. ग्राइंडर लागला असता तर ती पहिल्या मिनिटात गेली असती. नळीत बॅटरी टाकून पाहिलं, तर आत रायफलीचे सर्पिल चर नाहीत, गुळगुळीत नळी. १८५७ नंतर इंग्रजांचा हिंदी शिपायांवर भरवसा राहिला नाही. त्यांच्यासाठी त्यांनी एन्फिल्डच्याच घाटाच्या, पण गुळगुळीत नळीच्या, कमी नेम साधणाऱ्या बंदुका काढल्या. म्हणजे आमची ही रायफल नव्हती आणि सत्तावनातलीही नव्हती.

हे काकांना सांगायचं की नाही, यावर घरात दोन तट पडले. धाकटा भाऊ म्हणाला, “या वयात कशाला?” पण पट्टी काकांनीच हातात घेऊन पाहिली आणि साल वाचलं. दोन दिवस ते बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून पणजोबांच्या नावाचा १९३४ सालचा परवाना काढला. कारण लिहिलं होतं, रानडुकरांपासून पिकाचं रक्षण.

“मी सहा-सात वर्षांचा होतो,” काका म्हणाले. “भात पिकलं की आजोबा मला मांगरात झोपायला न्यायचे. रात्रभर ही बंदूक मांडीवर. वर्षातून एखादाच बार काढायचे, तोही हवेत. दारू महाग होती ना!” हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. सोजिराच्या गोष्टीपुढे डुकरं राखणारा शेतकरी कोण सांगणार?

त्या दसऱ्याला बंदूक चकचकीत नव्हती, काळपट होती. माळ काकांनीच घातली आणि नातवंडांना मांगरातली गोष्ट सांगितली. मी ती वहीत उतरवून, परवान्याच्या प्रतीसह बंदुकीजवळ ठेवली आहे.

तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी तलवार, अडकित्ता, समई, वजनं असं काहीतरी गंजत पडलं असेल. पॉलिशवाल्याकडे देण्याआधी त्यावर काही कोरलं आहे का ते पाहा. आणि घरात ८४ वर्षांचं कुणी असेल तर ती वस्तू त्यांच्या हातात देऊन शेजारी बसा. हे काम पुढच्या स्नेहमेळाव्यापर्यंत लांबवू नका.