फर्दापूरची सराई आणि शेतकऱ्याचा माल
(फर्दापूर येथील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



फर्दापूरचे नाव बाहेरच्या माणसाला ठाऊक आहे ते अजिंठ्याच्या लेण्यांमुळे. लेणी येथून चार-पाच किलोमीटरवर आहेत. पाहुणा फाट्यावर गाडी उभी करतो, बसने लेण्यांकडे जातो आणि परतताना गावाकडे न पाहता पुढे निघतो. परंतु या गावाला दुसराही एक वारसा आहे. तो वाटेचा आणि बाजाराचा वारसा होय. त्याचा संबंध आपल्या मालाच्या विक्रीशी येतो, म्हणून आज त्याविषयी बोलावयाचे आहे.

वाट आणि सराई

फर्दापूर घाटाच्या पायथ्याशी वसले आहे. वर मराठवाड्याचे पठार आणि खाली खानदेशाची काळी जमीन. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, ते बऱ्हाणपूर ही जुनी वाट याच घाटाने जात असे. घाट चढण्यापूर्वी माणसाला आणि बैलाला मुक्काम हवा, म्हणून येथे सराई बांधली गेली. ती औरंगजेबाच्या काळातील असल्याचे सांगतात. घाटमाथ्यावरील अजिंठा गावाला निजाम-उल-मुल्क आसफजाह याने १७२७ च्या सुमारास तट बांधला.

सराई म्हणजे भक्कम दरवाजा, आत मोठा चौक आणि भोवती ओवऱ्या. रात्री दरवाजा लागला की माल सुरक्षित. आता विचार करा, जेथे शेकडो माणसे आणि जनावरे मुक्कामाला उतरतात, तेथे रोज काय लागते? दाणे, वैरण, दूध, तूप, सरपण. हे सारे पंचक्रोशीतील शेतांतूनच येणार. म्हणजे सराई ही वाटसरूची सोय होती, तशीच ती शेतकऱ्याची दारातली बाजारपेठही होती.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई झाली. जनरल वेलस्लीच्या जखमी सैनिकांना अजिंठ्याच्या तटात ठेवले होते आणि ऑक्टोबरमध्ये त्याची छावणी फर्दापूरला पडली. त्या फौजेला धान्य पुरविणारे होते बंजारा बांधवांचे बैलतांडे. आपल्या भागातील तांड्यांवरील मंडळींनी हा इतिहास अभिमानाने सांगावा असा आहे. इतकी मोठी फौज येथे राहून गेली, पण लेणी इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली ती १८१९ मध्ये. पुढे मेजर गिल याने अजिंठ्याच्या बारादरीत राहून चित्रांच्या नकला केल्या. लेडी हेरिंगहॅम आणि नंदलाल बोस वगैरे चित्रकारांनी १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत त्याच कामासाठी फर्दापूरला तळ दिला.

लेण्यांतील शेत

लेणी पाहावयास जाल तेव्हा चित्रांखालचा गिलावाही पाहा. माती, भाताचे तूस, गवत आणि वनस्पतींचे तंतू एकत्र मळून तो खडकावर लावला आहे. त्यावर चुन्याचा पातळ हात आहे. पिवळा आणि तांबडा रंग गेरूच्या जातीच्या मातीचा, काळा काजळीचा. निळा दगड मात्र दूर अफगाणिस्तानातून व्यापाराच्या वाटेने आला. सांगावयाचे हे की, १५०० वर्षे टिकलेल्या या कलेच्या पायाशी शेतातले तूस आहे आणि बाजाराची वाटही आहे.

इंग्लंडमधील एक उदाहरण

इंग्लंडमध्ये चिपिंग कॅम्पडेन नावाचे जुने बाजारगाव आहे. 'चिपिंग' या शब्दाचा अर्थच बाजार. लोकरीच्या व्यापारावर ते गाव मोठे झाले. तेथे १६२७ मध्ये बॅप्टिस्ट हिक्स या धनिकाने लोणी, चीज आणि कोंबड्या विकणाऱ्यांना आडोसा मिळावा म्हणून कमानींचा दगडी मांडव बांधला. तो आजही उभा आहे आणि पर्यटक तो मुद्दाम पाहावयास जातात. तेथे राजवाड्यासारखाच बाजाराचा मांडवही वारसा मानला गेला. आपल्या सराईची योग्यता त्याहून कमी नाही.

आपण काय करावे?

१) सराईचा किंवा तटाचा दगड घराच्या वा बांधाच्या कामाला नेऊ नये. भिंतीला गोठा टेकवू नये. भिंतीत पिंपळ किंवा वड उगवल्यास तो उपटू नये, कारण मुळाबरोबर दगडही निखळतात. ग्रामपंचायतीमार्फत पुरातत्त्व खात्यास कळवावे.

२) डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत सीताफळ चांगले येते. फळांचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर, म्हणजे पर्यटक वाढू लागतात तोच काळ. डोळ्यांमधील भेगा रुंदावून पिवळसर-पांढऱ्या दिसू लागल्या की फळे काढावीत. पिकलेले फळ फार टिकत नाही, त्यामुळे दूरच्या बाजारात नुकसान होते. जवळचे गिऱ्हाईक हाच त्यावर उपाय. प्रतवारी करून खोक्यात एकाच थरात फळे मांडावीत.

३) हुरड्यासाठी परभणी कृषी विद्यापीठाचा 'परभणी वसंत' हा ज्वारीचा वाण घ्यावा. सर्व क्षेत्र एकदम पेरू नये. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन टप्प्यांत पेरणी करावी, म्हणजे हुरडा महिनाभर पुरतो. हुरड्याच्या कणसांवर कीटकनाशक अजिबात फवारू नये.

४) राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार किमान एक एकर शेती असणाऱ्यास पर्यटन विभागाकडे केंद्राची नोंदणी करता येते. पाच-सहा शेतकऱ्यांनी गट करून एकाने निवास, दुसऱ्याने जेवण, तिसऱ्याने शिवारफेरी अशी विभागणी केल्यास भांडवल कमी लागते.

५) शिवारफेरीत पाहुण्यास सराई अवश्य दाखवावी. त्यासाठी गावातील शिकलेल्या दोन-तीन मुलामुलींना गावाची माहिती नीट पाठ करवावी.

बंधू-भगिनींनो, आपण कापूस आणि मका दूरच्या बाजारात, दुसऱ्याने ठरविलेल्या भावाने विकतो. लाखो लोकांची वाट मात्र आपल्या बांधावरून जाते. पूर्वी त्या वाटेवर सराई होती, म्हणून माणूस थांबत होता, आणि थांबलेला माणूसच खरेदी करतो. त्याला पुन्हा थांबावेसे वाटेल असे काही आपण गावात जपले, तर शेतमालाचा भाव सांगण्याची थोडी तरी सत्ता आपल्या हाती येईल. दगड गेला की तो परत बसविता येत नाही, म्हणून सुरुवात सराईपासून करावी, एवढीच विनंती.